पंखा नुसता हूं हूं करतोय?
अरे थांब, लगेच नवीन पंखा आणू नको. काठीने ढकलल्यावर फिरायला लागतो ना, मग बहुतेक कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग) गेलाय, स्वस्तातलं काम आहे. आधी मेन स्विच पाड, नुसत्या बटणावर विसंबू नको, आमच्या जुन्या घरात वायरमनने बटण न्यूट्रलवर दिलेलं, म्हणजे बटण बंद केलं तरी पंख्यात करंट राहायचाच, असा झटका बसला की स्टुलावरून खालीच आलो. मग मोटरच्या वरची वाटी सरकव, आत दोन वायरींची डबी दिसेल, तोच कपॅसिटर, तिच्यावर बहुतेकदा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं, तीच दुकानात घेऊन जा आणि तेवढ्याच आकड्याची आण, मोठी लावली की पंखा जोरात पळतो म्हणतात पण वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची गुंडाळी, तापतं. वायरी सोडवायच्या आधी फोटो काढ हां. आणि पाती हातानेच जड फिरत असतील तर ते बेअरिंग, त्याला पंखा उतरवावाच लागेल.