अँजिओग्राफी स्वच्छ, तरी पंपिंग कमी: पीव्हीसीकडे दुर्लक्ष नको

ताई, यजमानांचे रिपोर्ट वाचले. होल्टरमध्ये (दिवसभर ठोके नोंदणारं यंत्र) २२ टक्के पीव्हीसी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून वेळेआधी उठणारे ठोके. इकोत (हृदयाची सोनोग्राफी) ईएफ ४५, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला जेवढं टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा कमी. अँजिओग्राफी स्वच्छ. चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगायची चौकट) त्यांनीच बांधली, दमही लागला नाही, मग डॉक्टर अ‍ॅब्लेशन (चुकीचे ठोके उठतात ती जागा जाळण्याचा उपचार) का सुचवतात, असं गोव्यात साखळी गावातले तुमचे घरचे लोक विचारतायत. माझीही याच आजारासाठी अ‍ॅब्लेशन झाली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अँजिओग्राफीत फक्त रक्तवाहिन्या दिसतात. ब्लॉकेज नाही हे चांगलंच, पण यजमानांचा प्रश्न ठोक्यांचा आहे. माणसाच्या हृदयाचे दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. त्यातले २२ टक्के म्हणजे रोजचे बावीस हजारांच्या आसपास ठोके चुकीच्या जागेवरून निघतायत. असा ठोका वेळेआधी येतो, तेव्हा कप्पा पुरता भरलेला नसतो. शिवाय तो नेहमीच्या वाटेने न येता खालच्या कप्प्यातूनच सुरू होतो, त्यामुळे डाव्या कप्प्याच्या भिंती एकाच वेळी आवळत नाहीत, एक बाजू आधी आणि दुसरी मागून. कधीतरी झालं तर काहीच बिघडत नाही. रात्रंदिवस, महिनोन्‌महिने चाललं की काही जणांचा स्नायू थकतो, कप्पा फुगतो आणि ईएफ उतरतो.

हे घरीही कळतं. माझे ठोके एकाआड एक चुकायचे तेव्हा बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर नाडी चाळीसच्या आसपास दाखवायचं, आणि डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप लावून जवळजवळ दुप्पट ठोके मोजायचे. मधल्या ठोक्यातून मनगटापर्यंत पोचण्याइतकं रक्तच बाहेर पडत नव्हतं. मलाही धडधड जाणवत नव्हती. त्रास होत नाही म्हणून उशिरा सापडणारे लोक बरेच असतात, त्यामुळे माटोळीवरून अंदाज बांधू नका.

किती टक्के म्हणजे जास्त? मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये १७४ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात २४ टक्क्यांच्या वर धोका ठळक दिसला, आणि पंपिंग कमी झालेल्यांतलं सर्वांत कमी प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे २२ हा आकडा हलक्यात घेण्यासारखा नाही, आणि इथे तर ईएफ आधीच ४५ आहे. होल्टर मात्र एका दिवसाचं असतं, आकडा दिवसागणिक बदलतो. जास्त दिवसांचं रेकॉर्डिंग शक्य आहे का, ते विचारा.

दुसरी शक्यताही तपासायला हवी: आधी स्नायू बिघडला आणि त्यातून पीव्हीसी आले, असं उलटंही असू शकतं. त्यासाठी हृदयाचा एमआरआय, त्यात जुना व्रण दिसतो. थायरॉइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम हेही पाहून घ्या. घोरणं आणि दारू, दोन्हींबद्दल डॉक्टरांना खरं सांगा.

गोळ्यांबद्दल एक कळकळीची विनंती: कुणाच्या सांगण्यावरून ठोके दाबणारी गोळी सुरू करू नका. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड ही अशीच औषधं देणाऱ्या मोठ्या चाचणीत ठोके कमी झाले, पण मृत्यू वाढले. १९८९ मध्ये ती औषधं त्या चाचणीत थांबवावी लागली. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आवरणारी गोळी) डॉक्टर बहुतेकांना आधी देतात, त्यानं भागलं तर उत्तमच.

अ‍ॅब्लेशनला घाबरण्यासारखं फारसं नाही. जांघेत भूल देऊन तिथल्या शिरेतून तार वर नेतात, ठोका नेमका कुठून उठतोय ते संगणकावर शोधतात आणि तेवढीच जागा जाळतात. शोधायला वेळ जातो, जाळायला नाही. झोपेचं औषध जास्त दिलं तर पीव्हीसी गप्प बसतात आणि जागा सापडत नाही, म्हणून मला जवळजवळ जागंच ठेवलं होतं. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, तेवढाच कंटाळा. जांघेत रक्तस्राव, क्वचित हृदयाभोवती रक्त साठणं असे धोके आहेत, तेही विचारून घ्या.

सगळ्यात आशेची गोष्ट अशी की पीव्हीसी हेच कारण असेल आणि ते बंद झाले, तर ईएफ बहुतेक वेळा सुधारतो, पण त्याला काही महिने लागतात. म्हणून अ‍ॅब्लेशननंतर इको आणि होल्टर पुन्हा करायला विसरू नका.

आता बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल) किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा मूळ ईसीजीच्या पट्ट्याही न्या, नुसतं होल्टरचं पहिलं पान नको. ठोका कुठून उठतो याचा पहिला अंदाज ईसीजीवरूनच येतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्ड असेल तर मंजुरीचं आधीच विचारा. आणि मधल्या काळात ते चक्कर येऊन पडले, शुद्ध हरपली, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.