वाचकांचे प्रश्न : ओव्हरक्लॉक, मदरबोर्डचे व्होल्टेज आणि आपला उन्हाळा

प्रश्न : माझ्या संगणकात रायझेन ५ ५६००एक्स प्रोसेसर आणि बी४५० चिपसेटचा साधा मदरबोर्ड आहे. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणे हा माझा व्यवसाय आहे. रेंडर (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार होणे) लवकर व्हावा म्हणून जानेवारीत मी सहाही कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.३० वर पक्के केले, म्हणजे ओव्हरक्लॉक (नेहमीपेक्षा जास्त वेग देणे) केले. तीन महिने काही अडचण आली नाही. एप्रिलपासून मात्र रेंडर सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटे झाली की संगणक एकाएकी रीस्टार्ट होतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) १.३० दिसणारे व्होल्टेज त्या वेळी १.२३ पर्यंत उतरते. आमच्याकडे संध्याकाळी घरातली वीजही २०० व्होल्टच्या आसपास असते. मदरबोर्ड बिघडला आहे की दोष विजेचा आहे? व्होल्टेज १.४० करावे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : व्होल्टेज १.४० करू नये, हे सर्वांत आधी सांगतो. कारण आपण दिलेल्या वर्णनावरून रोग दुसरीकडे असण्याची शक्यता अधिक दिसते आणि हा उपाय तो रोग वाढवणारा आहे.

घरातल्या विजेचा मुद्दा आधी बाजूला काढू. भिंतीतून येणारी वीज प्रोसेसरपर्यंत थेट पोहोचत नाही. एसएमपीएस (संगणकाचा पॉवर सप्लाय) तिचे १२ व्होल्टच्या डीसी पुरवठ्यात रूपांतर करतो आणि मदरबोर्डवर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती बसवलेले व्हीआरएम हे सर्किट त्या १२ व्होल्टपासून सव्वा-दीड व्होल्ट तयार करते. आपल्या एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर २०० व्होल्ट त्याला सहज चालतात. लेबलवर २०० ते २४० असेल, तर मात्र आपण अगदी काठावर आहात. खात्री करण्यासाठी रेंडर चालू असताना, दुसऱ्या कशालाही न जोडलेल्या, एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगच्या पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या एटीएक्स मानकाप्रमाणे ते ११.४ ते १२.६ या मर्यादेत असायला हवे. मोजताना दोन टोके एकमेकांना लागणार नाहीत याची पुरेपूर काळजी घ्यावी, आणि हात सरावाचा नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. स्क्रीनवर दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नये; साध्या बोर्डांवरील सेन्सर या बाबतीत बऱ्याचदा चुकतात.

आता १.३० चे १.२३ कसे झाले ते पाहू. हा बिघाड नाही. मदरबोर्डची रचनाच तशी केलेली असते. प्रोसेसर जितका जास्त करंट ओढतो तितके व्होल्टेज ठरावीक प्रमाणात उतरू दिले जाते. व्हीआरएमची ही उतरण १ मिलिओहम इतकी धरली आणि प्रोसेसरने ७० अँपिअर करंट घेतला, तर ०.०७ व्होल्ट कमी होतात, म्हणजे १.३० चे बरोबर १.२३ उरतात. असे मुद्दाम करण्याचे कारण आहे. रेंडर संपून भार एका क्षणात नाहीसा झाला की व्होल्टेज क्षणभर उसळी मारते. आधीच ते थोडे खाली ठेवलेले असल्यामुळे ती उसळी प्रोसेसरला घातक ठरत नाही. बायोसमधील लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी, ही उतरण कमी करते, परंतु ती पूर्ण सपाट केली तर उसळीपासून मिळणारे संरक्षणही जाते. म्हणून मधली पातळी निवडावी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे : आसूसच्या बोर्डांवर पातळीचा आकडा जितका मोठा तितका परिणाम तीव्र असतो, तर एमएसआय आणि एएसरॉक यांच्या बोर्डांवर १ हीच सर्वांत तीव्र पातळी असते. दुसऱ्याच्या बोर्डवरचा आकडा जसाच्या तसा उतरवून घेतल्याने नुकसान झालेले मी पाहिले आहे. तसेच एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज पाहताना रायझेनसाठी ‘एसव्हीआय२ टीएफएन’ असे लिहिलेली ओळ पाहावी. मदरबोर्डच्या चिपने दाखवलेल्या ‘व्हीकोअर’पेक्षा तो आकडा प्रत्यक्षाच्या जवळचा असतो.

आपल्या पत्रातील सर्वांत बोलकी गोष्ट माझ्या मते व्होल्टेज नसून वेळ आहे. जानेवारीत चालले, एप्रिलमध्ये थांबले. आणि थांबते तेही सुरुवातीलाच नव्हे, तर पंधरा-वीस मिनिटांनी. प्रोसेसर भार पडताच काही सेकंदांत तापतो. व्हीआरएम आणि त्यावरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मात्र सावकाश तापतात, आणि साध्या बी४५० बोर्डांवर हा हीटसिंक लहानसा असतो, काहींवर तो नसतोही. खोली १५ अंशांनी तापली की आतला प्रत्येक भाग जवळपास तितकाच अधिक तापतो, आणि भुसावळचा उन्हाळा कसा असतो हे आपल्याला मी सांगायला नको. शिवाय सिलिकॉन जितके गरम, तितके त्याच वेगासाठी त्याला जास्त व्होल्टेज लागते. जानेवारीच्या थंडीत कसेबसे पुरणारे १.२३ व्होल्ट एप्रिलच्या दुपारी अपुरे पडू शकतात.

या दोन कारणांपैकी नेमके कोणते लागू आहे, हे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील (घडामोडींच्या नोंदवहीतील) नोंदींवरून बरेचसे कळते. रीस्टार्टच्या वेळी ‘व्हिया-लॉगर’ची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या भागाची) १८ क्रमांकाची नोंद असेल, तर प्रोसेसरकडून चूक झाली आहे, म्हणजे त्या वेगासाठी व्होल्टेज अपुरे पडले असण्याचा संभव मोठा आहे. फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ असेल, तर ती नोंद संगणक व्यवस्थित बंद न होता रीस्टार्ट झाला एवढेच सांगते, कारण सांगत नाही. अशा वेळी व्हीआरएमचे किंवा एसएमपीएसचे संरक्षण कार्यान्वित झाले असावे असे धरून पुढे जावे. त्यानंतर कॅबिनेटची बाजू उघडून साधा टेबल फॅन सॉकेटच्या डावीकडील व वरील भागावर धरावा आणि तोच रेंडर पुन्हा चालवावा. आता संगणक तासभर टिकला, तर दोष उष्णतेचा आहे हे सिद्ध झाले. डेझर्ट कूलरचा झोत मात्र उघड्या संगणकावर कधीही सोडू नये. त्याबरोबर येणारे तुषार आणि पाण्यातले क्षार बोर्डवर बसतात. आपले घर जिनिंगच्या जवळ असेल, तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकलेले कापसाचे तंतू आधी ब्रशने साफ करावेत.

१.४० ला माझा विरोध का, हे आता स्पष्ट होईल. वेग तोच ठेवला तरी खर्च होणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.३० वरून १.४० वर जाणे म्हणजे सुमारे १६ टक्के अधिक उष्णता, आणि तीही ज्या व्हीआरएमला आधीच झेपत नाही त्याच्यावर. याउलट वेग ४.६ वरून ४.५ केला, तर रेंडर जेमतेम दोन टक्क्यांनी लांबतो आणि व्होल्टेजही कमी करता येते. आपण व्यवसायासाठी यंत्र वापरता. मध्येच बंद पडलेला रेंडर पहिल्यापासून करावा लागणे हा त्या दोन टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा तोटा आहे. खरे तर माझी शिफारस याहून वेगळी आहे. या प्रोसेसरचा कंपनीने दिलेला कमाल वेग ४.६ च आहे. फक्त तो कमी भारावर मिळतो. पक्का वेग काढून टाकावा, प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (प्रोसेसरला स्वतःच वेग वाढवू देणारी सेटिंग) चालू करावा आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगमध्ये) सर्व कोअरना उणे १० पासून सुरुवात करावी. यामुळे व्होल्टेज थोडे कमी होते आणि तापमान पाहून वेग आपोआप वर-खाली होत राहतो. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. चाचणी कोणतीही घ्या, ओसीसीटी असो वा प्राइम९५. पण रात्री बारा वाजता उत्तीर्ण झालेली चाचणी दुपारी तीन वाजता पुन्हा घेतल्याशिवाय ती ग्राह्य धरू नये.

प्रश्न : माझ्याकडे इंटेलचा कोअर आय९-१४९००के आहे. मी ओव्हरक्लॉक केलेलेच नाही, तरीही गेम सुरू होताना ग्राफिक्स कार्डची मेमरी संपल्याचा संदेश येऊन तो बंद पडतो. दुकानदार ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगतो आहे.
– एक वाचक, धुळे

उत्तर : कार्डावर पैसे खर्च करण्याआधी कृपया थांबावे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेज आणि तापमान यांमुळे आतील एक सर्किट अकाली जीर्ण होत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले आहे, आणि अन्‌रिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरील गेममध्ये नेमका हाच फसवा संदेश हे त्याचे ठळक लक्षण होते. ऑगस्ट २०२४ मधील ०एक्स१२९ या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतील सॉफ्टवेअरने) प्रोसेसरची व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टपर्यंत मर्यादित केली आणि त्यानंतर ०एक्स१२बी आला. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून नवे बायोस घ्यावे आणि त्यात इंटेलची मूळ सेटिंग्ज निवडावीत; अनेक बोर्ड कारखान्यातूनच विजेच्या मर्यादा सैल करून येतात, त्यामुळे आपण काही केले नसले तरी बोर्डने ते केलेले असू शकते. मात्र झालेली झीज बायोसने भरून निघत नाही. अद्ययावत केल्यावरही गेम बंद पडत असेल, तर प्रोसेसर बदलून मागावा. बॉक्समधून विकलेल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवलेली आहे, त्यामुळे खरेदीचे बिल जपून ठेवावे.

प्रश्न : रॅम चारही स्लॉटमध्ये भरून एक्सएमपी चालू केल्यापासून कधी निळी स्क्रीन येते, कधी ब्राउझर आपोआप बंद होतो. प्रोसेसरचे व्होल्टेज वाढवून पाहिले, उपयोग झाला नाही.
– एक वाचक, शहादा

उत्तर : होणारही नव्हता. एक्सएमपी हे रॅमचे ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर४ चे मानक व्होल्टेज १.२ असताना एक्सएमपीमध्ये ते बहुधा १.३५ केलेले असते, आणि चार पट्ट्यांचा भार प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरवर दोन पट्ट्यांपेक्षा बराच जास्त पडतो. प्रोसेसरचे वाढवलेले व्होल्टेज पूर्ववत करावे, एक्सएमपी बंद करून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवावे. चुका आल्या नाहीत, तर एक्सएमपी पुन्हा चालू करून केवळ वेग खाली आणावा, जसे ३६०० ऐवजी ३२००. एक्सएमपी बंद असतानाही चुका आल्या, तर एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी. त्यांपैकी एखादी सदोष असण्याची शक्यता आहे.