पेशीला हाडं नाहीत, मग सांगाडा कसला?

तुम्ही विचारलंय की सायटोस्केलेटन म्हणजे पेशीचा सांगाडा, असं अकरावीला शिकवतात. पण पेशीत हाडं आली कुठून, आणि आधार देण्यापलीकडे तो करतो काय?

घोळ 'सांगाडा' या शब्दाने घातलाय. पुण्यात जीवशास्त्र शिकवताना मी दरवर्षी गणपतीच्या मांडवाची उपमा देतो, आणि दरवर्षी ती तोकडी पडते. मांडव निदान दहा दिवस तरी उभा असतो. पेशीतल्या सूक्ष्मनलिका, म्हणजे याच सांगाड्यातले पोकळ तंतू, काही मिनिटांत उभ्या राहतात नि कोसळतातही.

हा सांगाडा म्हणजे प्रथिनांचे तंतू, तीन प्रकारचे. ॲक्टिनचे सगळ्यात बारीक, ७ नॅनोमीटरच्या आसपास. पांढरी पेशी जंतूच्या मागे सरकते ती यांच्या जोरावर. दुसरे साधारण १० नॅनोमीटरचे, त्यांचं काम ताण सोसणं; त्वचेतलं केराटिन यांतलंच. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

तिसरा प्रकार सूक्ष्मनलिकांचा, आणि खरी गंमत त्यांचीच. जाडी २५ नॅनोमीटर, आतून पोकळ, ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बहुधा १३ रांगा गोलाकार जुळलेल्या. नलिका वाढता वाढता अचानक ढासळते आणि सुटलेले कण पुन्हा दुसरीकडे लागतात. हे मिचिसन आणि किर्श्नर या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं. शिवाय हेच पेशीतले रस्ते. कायनेसिन हे प्रथिन पाठीवर माल घेऊन यांच्यावरून ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकत जातं, दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी चेतापेशी जवळपास मीटरभर लांब असते. तिथवर माल असाच पोचतो.

आता तुमच्या सोसायटीतल्या कुंड्या बघा, सदाफुली सापडेलच. तिच्यातलं विनक्रिस्टीन ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नलिका जुळूच देत नाही. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढणारे दोर या नलिकांचेच, त्यामुळे पेशीचं विभाजन अडतं. म्हणून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते देतात. (मधुमेहावर म्हणून सदाफुलीची पानं चावणारे आजोबा आमच्याकडेही आहेत. तसलं काही करू नका, झाड विषारी आहे.)

याच औषधाने बऱ्याच रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. चेतापेशी विभाजित होत नाहीत, तरी त्यांचा माल त्याच नलिकांवरून जातो. आणि त्रास बहुधा पायाच्या बोटांपासूनच सुरू होतो, कारण सगळ्यात लांबचा रस्ता तोच.