सूर्य आणि वारा फुकट असताना जग कोळसा-तेल सोडायला एवढा वेळ का लावतंय?

तुमच्या प्रश्नाच्या शेपटापासून सुरुवात करतो. तुम्ही विचारलंय, हे सगळं तेल-कोळशावाल्यांचं कारस्थान आहे का, आणि तसं नसेल तर आपल्या हयातीत बदल होईल का. हितसंबंध आहेत, कायदे लांबवले गेले, शंका पेरल्या गेल्या, हे मी नाकारत नाही. पण ही सगळी मंडळी उद्या साधुसंत झाली तरी परवा बॉयलर विझवता येणार नाहीत. मी औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं पाळी केली आहे, त्यामुळे हे उत्तर थोडं बॉयलरच्या बाजूने आलं तर समजून घ्या.

कंट्रोल रूमच्या भिंतीवर लाल आकड्यांची एक पाटी असते. ४९.९८, ५०.०१, ५०.०३... आकडे सतत हलत असतात. ही ग्रिडची, म्हणजे सगळ्या वीज केंद्रांना आणि ग्राहकांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी: विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं करतो तो आकडा. आकडा ५०च्या वर सरकला की वीज जास्त होतेय, खाली घसरला की कमी पडतेय. तारांमध्ये वीज साठून राहत नाही. या क्षणी कुणी पंप सुरू केला तर याच क्षणी कुठेतरी तेवढी जास्त वीज तयार व्हावी लागते, मिनिटभराने होऊन चालत नाही. या पाटीची इतकी सवय लागते की सुट्टीच्या दिवशी घड्याळात बघतानाही आधी डोळे दशांश चिन्ह शोधतात.

आता कोळशाचा खरा गुण कोणता? तो उष्णता देतो हा नव्हे. उष्णता पुष्कळ गोष्टी देतात. कोळसा थांबतो, हा त्याचा गुण. यार्डात ढीग पडलेला असतो, आज नको असेल तर उद्या जाळा. इंधन आणि साठवण एकाच वस्तूत, आणि साठवणीसाठी वेगळं यंत्र लागत नाही. सूर्य आणि वारा फुकट आहेत, पण ते कुणासाठी थांबत नाहीत. वाऱ्याचं तर आणखी विचित्र: त्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग निम्मा झाला की ऊर्जा एक अष्टमांश उरते. तेव्हा आपण एका इंधनाच्या जागी दुसरं इंधन आणतोय, असं समजू नका. आपण एका ढिगाच्या जागी यंत्रांची सगळी साखळी उभी करतोय: पॅनेल, पवनचक्क्या, बॅटऱ्या, लांब पल्ल्याच्या वाहिन्या आणि त्या सगळ्यांना नाचवणारं नियंत्रण.

खरं घोडं पेंड खातं ते संध्याकाळी. आमच्या ग्रिडमध्ये सौर वीज वाढू लागली तेव्हाचं सांगतो. दुपारी ग्रिड सांभाळणाऱ्यांचा फोन यायचा: संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून एक संच) खाली आणा, म्हणजे त्याची वीज कमी करा. आम्ही आणायचो, ज्योत अस्थिर होणार नाही अशा किमान भारापर्यंत. आणि सूर्य कलला की तोच फोन: वर घ्या, लवकर घ्या. पण बॉयलरच्या ड्रमची, म्हणजे पाणी आणि वाफ धरून ठेवणाऱ्या पोलादी पिंपाची, भिंत १० सेंटिमीटरपेक्षा जाड असते. आतली वाफ भराभर तापवली तर भिंतीचा आतला थर प्रसरण पावतो, बाहेरचा मागे राहतो आणि धातूवर ताण येतो. एका संध्याकाळी मी भार जरा घाईने चढवत होतो, तर मागून आमचे पाळीप्रमुख शांतपणे म्हणाले, "सावकाश. फोनवाल्याला घाई असते, ड्रमला नसते." संच पूर्ण थंड पडला असेल तर पुन्हा ग्रिडला जोडायला कित्येक तास लागतात. आणि गंमत म्हणजे कोळसा पेटवायला आधी तेल जाळावं लागतं.

म्हणून दुपारी सौर वीज भरपूर असतानाही कोळशाचे संच मंद आचेवर चालू ठेवलेले दिसतात. बाहेरून बघणाऱ्याला तो हट्ट वाटतो. आतल्या माणसाला माहीत असतं की आत्ता बंद केला तर संध्याकाळी हा हाताशी नसेल.

आणखी एक गोष्ट, जी क्वचितच बोलली जाते. औष्णिक केंद्रातला टर्बाइन-जनित्राचा शेकडो टनांचा लोखंडी ऐवज मिनिटाला ३००० फेरे घेत असतो. कुठे एखादा मोठा संच अचानक ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला, तर बाकीच्या संचांमधली ही फिरती वजनं पहिले काही सेकंद आपली गती देऊन खड्डा भरतात. कुणी बटण दाबायची गरज नसते, हे भौतिकशास्त्र आपोआप करतं. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. पूर्वी आम्ही म्हणायचो, हे काम बॅटरीला जमणार नाही.

आम्ही चुकलो. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल इथे २०१७च्या शेवटी १०० मेगावॅटची लिथियम बॅटरी बसवली. त्याच डिसेंबरात दूर व्हिक्टोरियात एका कोळसा केंद्राचा ५६० मेगावॅटचा संच मध्यरात्रीनंतर ट्रिप झाला आणि या बॅटरीने सेकंदाच्या अंशात ग्रिडला वीज दिली. दिली ती जेमतेम सातेक मेगावॅट, खड्डा भरण्याएवढी नव्हेच. पण एवढ्या चपळाईने बॉयलर कधी हलला नसता. मात्र त्याच बॅटरीचा तेव्हाचा दुसरा आकडाही बघा: साठवण १२९ मेगावॅट-तास. म्हणजे पूर्ण ताकदीने चालवली तर सव्वा तासात रिकामी. संध्याकाळचे चार तास निभवायला अशा बऱ्याच लागतील, तेही आता जमतंय. पण आठवडाभर ढग आणि वाराही पडलेला, यावर बॅटरी हे उत्तर नाही. तिथे दोन उंचींवरच्या जलाशयांत पाणी वर-खाली करणं, जलविद्युत, अणुऊर्जा, दूरच्या प्रदेशाशी जोडलेल्या वाहिन्या, असं काहीतरी लागतं. पाणी वर चढवून परत उतरवण्यात २० ते ३० टक्के वीज जाते. हायड्रोजन बनवून पुन्हा वीज केली तर निम्म्याहून जास्त जाते, म्हणून हायड्रोजनला सर्वरोगहारी औषध म्हणणाऱ्यांपासून मी जरा लांबच बसतो.

एवढं वाचून मी बदलाच्या विरोधात आहे असं वाटलं असेल तर तसं नाही. लोक घाबरतात ते एका चुकीच्या हिशेबाने: जगाची साधारण ८० टक्के प्राथमिक (म्हणजे रूपांतराआधीची मूळ) ऊर्जा जीवाश्म इंधनांतून येते, एवढी सगळी कशी भरून काढणार? पण ती सगळी भरून काढायचीच नाहीये! १०० भाग कोळसा जाळला की वीज मिळते ३५ ते ४० भाग. उरलेलं कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून निघून जातं. टॉवरवरून निघणारा तो पांढरा लोट लोकांना धूर वाटतो. ती पाण्याची वाफ असते, आणि आपली उष्णता ती सोबत घेऊन जात असते. पेट्रोल गाडीत तर चाकांपर्यंत पोचतो जेमतेम पाव हिस्सा. विजेची गाडी बॅटरीतल्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांच्या आसपास चाकांना देते. हीट पंप, म्हणजे उलटा चालवलेला एसी, एक युनिट वीज घेऊन घराला तीनेक युनिट उष्णता देतो, त्यातली बरीचशी बाहेरून ओढलेली. जे वाया जात होतं ते भरून काढायचं नसतं.

मग अडतं कुठे? विजेच्या बाहेर. अंतिम ऊर्जेत, म्हणजे जगातल्या ग्राहकांच्या हाती पडते त्या ऊर्जेत, विजेचा वाटा अजून पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. डिझेलच्या एका किलोत सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, चांगल्या बॅटरीच्या एका किलोत पाव युनिट. गाडीला हे परवडतं कारण पेट्रोल-डिझेलचं इंजिन फारसं कार्यक्षम नसतं. महासागर ओलांडणाऱ्या मालवाहू जहाजाला नाही. पोलाद बनवताना कोक (कोळशापासून केलेलं इंधन) नुसता जळत नाही, तो लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. ते काम हायड्रोजनकडून करवून घेता येतं, स्वीडनने २०२१मध्ये असं पोलाद बनवून दाखवलं. इथे मात्र हायड्रोजन शोभतो. सिमेंट सगळ्यात हट्टी: भट्टी सौर विजेवर तापवली तरी चुनखडी स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते.

राहिला हयातीचा प्रश्न. लंडनमध्ये कोळशावरचं सार्वजनिक वीज केंद्र १८८२मध्ये सुरू झालं. ब्रिटनमधलं शेवटचं, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ला बंद झालं. मध्ये १४२ वर्षं गेली, पण उतार बघा: २०१२मध्ये तिथली ४० टक्क्यांच्या जवळपास वीज कोळशाची होती. तिथून शून्यावर यायला १२ वर्षं पुरली. नैसर्गिक वायू तिथे अजून जळतो, तो हिशेबात धराच. तरी माझ्यासारख्याच एखाद्या पाळीवाल्याने तिथे संचाला ग्रिडपासून तोडणारा शेवटचा ब्रेकर उघडला असेल आणि मग सवयीने पाटीकडे बघितलं असेल. आकडा ५०च्या आसपासच असणार.