पूल स्टिकवर रेघ मारली तर नेम खरंच सुधारतो का?

भावा, तू विचारलंयस की पूल (बिलियर्डससारखा टेबलवरचा खेळ) खेळायच्या स्टिकवर वरनं सरळ रेघ मारली किंवा स्टिकला जोडायचं लेझर घेतलं तर नेम सुधारेल का, कारण तुझे कट शॉट, म्हणजे बॉलला बाजूला मारून तिरका घालवायचे शॉट, कायम जाड लागतात, म्हणजे पाहिजे त्यापेक्षा बॉलच्या मध्याकडं लागतात. मी राजारामपुरीतल्या एका पूल पार्लरमध्ये बरीच वर्षं खेळतोय आणि रेघ स्वतः लावून बघितलीय. फरक पडतो, पण तुला वाटतोय तसा नाही. बॉलला कुठं मारायचं हे रेघ सांगत नाही, तुझी स्टिक सरळ चाललीय का एवढंच सांगते.

आपल्या कोल्हापुरात नेम म्हटलं की पहिली रायफल आठवते, तेजस्विनी सावंत 2010 ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ आणलं, त्यामुळं आपण स्टिकवर पण बंदुकीसारखी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, शोधायला लागतो. पण रायफलीत डोळा बरोबर साइटच्या मागं असतो आणि नळी हलू द्यायची नसते. इथं डोळा स्टिकच्या वर असतो आणि स्टिक मागंपुढं हलवल्याशिवाय शॉटच बसत नाही. डोकं जरा एका बाजूला गेलं की रेघ सरळ असून पण वाकडी दिसते.

मी पांढऱ्या इन्सुलेशन टेपची दोन मिलिमीटरची पट्टी कापून टिपच्या, म्हणजे स्टिकच्या टोकावरच्या बोंडाच्या, मागनं वीतभर चिकटवली होती, ओपन ब्रिजनं, म्हणजे स्टिकवर बोट न गुंडाळता ती नुसती हातावर टेकवून, खेळत असशील तर ती हाताला लागत नाही. पहिला आठवडा वाईट गेला कारण मी बॉल सोडून पट्टीच बघत बसायचो. मग एक दिवस हळू स्ट्रोक मारताना दिसलं की स्टिक पुढं जाताना पट्टी वरनं डावीकडं कलंडतीय, म्हणजे मनगट पिळतंय! इतकी वर्षं मला वाटायचं माझा नेम चुकतो, आणि चुकत होता हात. त्यावर एकच प्रॅक्टिस केली, व्हाईट बॉल टेबलच्या मधल्या लाइनवर ठेवायचा, समोरच्या कुशनला, म्हणजे टेबलच्या रबरी कडेला, सरळ मारायचा आणि परत येऊन टिपला लागतो का बघायचं. डावीकडं येत असेल तर बहुतेक तू नकळत डावा स्पिन देतोयस. रोज वीस-पंचवीस वेळा कर, कंटाळा येतो पण कर.

आता तुझं जाड लागणं. माझा अंदाज असा की पॉकेटच्या (ज्या भोकात बॉल घालायचा त्याच्या) बरोबर उलट बाजूला समोरच्या बॉलवर जो पॉइंट दिसतो, तू स्टिक त्याच पॉइंटवर धरतोयस. तिथं व्हाईटची कड लागायला पाहिजे, आणि त्या वेळी व्हाईटचा मध्य त्याच्याही मागं अर्ध्या बॉलएवढा असतो. पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटर मागं, नेम तिथं धरायचा. शिवाय बॉल एकमेकांना घासतात त्यामुळं समोरचा बॉल थोडा ओढला जातो आणि अजून जाड जातो, म्हणून हळू मारताना किंचित पातळच, म्हणजे कडेकडंच, धर.

आणि खरं सांगू का, निशाणी स्टिकवर आधीच आहे, तुझी टिप. पूलची टिप साधारण 13 मिलिमीटरची असते, म्हणजे जवळपास पाव बॉल. टिपचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर धरला की अर्धा बॉल लागतो, म्हणजे मागनं बघितलं तर व्हाईट समोरच्या बॉलचा अर्धा भाग झाकतो, आणि बॉल साधारण 30 अंशात जातो. मध्यापासनं कडेकडं एक टिप सरकलास तर पाऊण बॉल, साधारण 15 अंश. कडेच्या बाहेर एक टिप धरलास तर पाव बॉल, 48-49 अंश. फक्त हे लांबनं डोळ्यांनी मोजू नको, टिप जवळ असते म्हणून मोठी दिसते. आधी स्टिक समोरच्या बॉलपर्यंत नेऊन, न हलवता एकदा ठेवून बघ, मग मागं ये आणि तीच लाइन धरून खाली वाक. वाकल्यावर लाइन चुकली वाटली तर तिथंच दुरुस्त करत बसू नको, उभा रहा आणि परत वाक, हे मी फार उशिरा शिकलो.

लेझरवर पैसे घालू नकोस, तेवढ्यात चांगली टिप बसवून घे. पट्टी तीन-चार आठवडे ठेव आणि काढ, मॅचला जाताना तर आठवणीनं काढूनच जा. पुढं कधी शॉट फिसकटायला लागले तर दोन दिवस परत चिकटवायची, माझ्या स्टिकच्या केसमध्ये तो टेपचा रोल अजून असतो.