वडिलांना कोरड्या खोकल्याचे सिरप सुरू केले आहे. बीपीच्या आणि सर्दीच्या गोळ्यांबरोबर ते चालेल का, आणि प्रमाण वाढवावे का?

तुम्ही लिहिल्याप्रमाणे वडील ६७ वर्षांचे आहेत, घणसोलीला तुमच्याकडे राहतात आणि त्यांना दहा दिवसांपासून कोरडा खोकला आहे. ताप नाही, कफ पडत नाही. मेडिकलमधून आणलेले सिरप ते दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे घेतात आणि रात्री झोपताना सर्दीची एक गोळीही घेतात. बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी आधीपासून चालू आहे. खोकला हटत नाही म्हणून सिरपचे प्रमाण वाढवावे का, आणि तुमच्या तीन वर्षांच्या मुलालाही खोकला झाला आहे तर त्याला त्यातलेच अर्धा चमचा द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करतो. मी डॉक्टर नसल्याने खोकला कशाचा आहे ते सांगणार नाही. बाटलीत काय आहे आणि ते कशाशी जमत नाही, एवढे नक्की सांगू शकतो. तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. प्रमाण वाढवू नका आणि मुलाला ते सिरप मुळीच देऊ नका. शिवाय सर्दीची गोळी आज रात्रीपासून थांबवा, कारण माझ्या मते तुमच्या घरातली खरी अडचण सिरपपेक्षा त्या गोळीची आहे.

सिरपची बाटली हातात घ्या आणि पुढचे मोठे नाव सोडून मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला मजकूर वाचा. कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये बहुतेक वेळा 'प्रत्येक ५ मिलीमध्ये' या ओळीखाली डेक्स्ट्रोमेथॉर्फन १० मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम, आणि काही सिरपमध्ये त्याशिवाय फिनाइलएफ्रिन ५ मिलिग्रॅम, असे लिहिलेले असते. यांतला पहिला घटक मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करून उबळ दाबतो. दुसरा ॲलर्जीचा आहे. त्याने नाक वाहणे थांबते आणि झोप येते. तिसरा नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करून चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी घातलेला असतो. आता सर्दीच्या गोळीची पट्टी उलटी करून वाचा. तिच्यात बहुधा पॅरासिटामॉलसोबत क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हेच दोघे पुन्हा भेटतील. म्हणजे दोन वेगळ्या नावांखाली तेच औषध वडिलांच्या पोटात दोनदा जात आहे, आणि ज्या दोन घटकांची दुप्पट होत आहे ते नेमके त्यांच्या दोन जुन्या आजारांना न मानवणारे आहेत. क्लोरफेनिरामाइनमुळे मूत्राशयाचे आकुंचन मंदावते आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते, कधीकधी एकदम तुंबून नळी घालण्याची वेळ येते. फिनाइलएफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. वडिलांना या दिवसांत लघवीला जोर लावावा लागतो का, धार बारीक झाली आहे का, हे त्यांना आजच विचारा. ती पिढी हे आपणहून सांगत नाही.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन एकट्याचे मोठ्या माणसासाठीचे प्रमाण दर चार तासांनी १० ते २० मिलिग्रॅम, किंवा दर सहा ते आठ तासांनी ३० मिलिग्रॅम, आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम असे आहे. हा आकडा वाचून पुष्कळांना वाटते की आपण तर निम्म्यावरच आहोत, अजून वाव आहे. परंतु मिश्रण असलेल्या सिरपमध्ये मर्यादा सोबतच्या घटकावरून ठरते. ५ मिलीमध्ये २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन असलेले सिरप १० मिली तीनदा घेतले की त्याचे दिवसाचे १२ मिलिग्रॅम भरतात, आणि वयस्कर माणसाने दिवसाला याहून जास्त घेऊ नये असे मानले जाते. तुमचे वडील तिथे आधीच पोहोचलेले आहेत आणि वर रात्रीची गोळी आहे. सकाळी उठल्यावर झोक जाणे, तोंड कोरडे पडणे, बोलण्यात थोडा गोंधळ ही लक्षणे दिसत असतील तर ती वयाच्या खात्यावर टाकण्याआधी हा हिशेब करून पाहा.

तुम्ही 'दोन चमचे' लिहिले आहे, पण कोणता चमचा ते लिहिलेले नाही. घरातले चहाचे चमचे ३ मिलीपासून ७ मिलीपर्यंत कसेही असतात आणि पोह्यांचा चमचा त्याहून मोठा. बाटलीवर बसवलेले प्लास्टिकचे मापाचे झाकण वापरा. त्यावर २.५, ५ आणि १० अशा रेघा उठावाच्या असतात, पण दोन-तीन दिवसांत सिरप आत वाळून चिकट थर बसतो आणि रेघा दिसेनाशा होतात, म्हणून प्रत्येक वेळी ते कोमट पाण्याने धुऊन पुसावे. ओतताना झाकण हातात धरण्याऐवजी ओट्यावर सपाट ठेवावे आणि आपले डोळे त्याच्या पातळीला आणून रेघ पाहावी. वरून पाहिले की माप हमखास चुकते. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहून ठेवा. मागच्या पावसाळ्यातली अर्धी बाटली या हिवाळ्यात काढणे ही आपल्याकडची सर्रास सवय आहे आणि ती सोडलेली बरी.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही पण जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. बीपीच्या गोळीचे नाव तुम्ही दिलेले नाही. पट्टीवर रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल असे शेवटी 'प्रिल' असलेले नाव आहे का ते पाहा. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात खवखवणारा, रात्री आडवे पडल्यावर वाढणारा खोकला लागतो. ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ शरीरात मोडला जायला हवा तो या गोळीमुळे साठतो आणि श्वासनलिकेतल्या नसा चाळवतो, असे त्याचे कारण दिले जाते. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत खोकला लागू शकतो किंवा काही महिन्यांनीही लागू शकतो, त्यामुळे 'ही गोळी तर कधीपासून घेतात' या युक्तिवादाने ती सुटत नाही. आमच्या दुकानात असे गिऱ्हाईक नवीन नाही: महिन्याच्या बिलात वर प्रिलची पट्टी आणि खाली खोकल्याची बाटली, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, फक्त सिरपचे नाव बदललेले. कितीही सिरप प्यायले तरी हा खोकला जात नाही, कारण त्याचे मूळ रोज सकाळी पाण्याबरोबर गिळले जात असते. डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारख्या 'सार्टन' गटातली दिली की बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत, काहींचा त्याहून जरा उशिरा, आपोआप थांबतो. मात्र गोळी तुम्ही स्वतः बंद करू नका. बीपी एकदम चढणे हे खोकल्याहून वाईट. वडिलांची आधीपासून सार्टनच चालू असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी गैरलागू आहे.

दुसरी जोडी नैराश्याच्या किंवा चिंतेच्या औषधांची. तुम्ही तसे काही लिहिलेले नाही, परंतु आपल्याकडे या गोळ्या घरच्यांपासूनही लपवून घेतल्या जातात, म्हणून वडिलांना एकांतात विचारा. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांच्याबरोबर, तसेच दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेतल्यास शरीरात सेरोटोनिन हे नसांमधले संदेश वाहणारे रसायन प्रमाणाबाहेर वाढू शकते: घाम, थरथर, धडधड, अस्वस्थपणा, अंग ताठरणे, ताप. पार्किन्सनवरची सेलेजिलिन आणि रासाजिलिन यांच्याबरोबर तर ते घ्यायचेच नाही, आणि त्या गोळ्या बंद केल्यावरही चौदा दिवस जाऊ द्यावे लागतात. हट्टी क्षयरोगात दिले जाणारे लिनेझोलिड हे प्रतिजैविकही याच यादीत येते.

वडिलांना दमा किंवा विडी-सिगारेटचा जुना दम असेल, किंवा खोकल्याबरोबर कफ सुटू लागला असेल, तर उबळ दाबणारे औषध थांबवावे. कफ बाहेर पडायलाच हवा. तो दाबून आत ठेवण्यात शहाणपण नाही. कफ पातळ करणारे आणि खोकला दाबणारे अशी दोन्ही औषधे एकाच बाटलीत घालून विकली जातात. एक घटक कफ वर आणतो आणि दुसरा तो बाहेर टाकायची उबळ दाबतो; त्याचा उपयोग काय हे इतकी वर्षे काउंटरवर उभे राहूनही मला कळलेले नाही. एकाच मोठ्या नावापुढे डी, डीएक्स, एलएस, बीएम अशी अक्षरे लावून पूर्ण वेगळी औषधे येतात, त्यामुळे 'मागच्या वेळचेच लाल सिरप द्या' असे सांगू नका. रिकामी बाटली किंवा तिचा फोटो दाखवा.

कायद्याबद्दल एवढेच, की आपल्याकडे चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांचा पाश्चात्त्य देशांसारखा वेगळा वर्ग नाही. खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर शेड्यूल एचचा इशारा असतो, म्हणजे त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या असतात, आणि तरी त्या तोंडी मागितल्यावर मिळतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. कोडीन असलेली सिरपे त्याहून कडक अशा शेड्यूल एच वनमध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत करून तीन वर्षे जपावी लागते. तसली बाटली कोणी सहज हातात ठेवली तर घेऊ नका.

मुलाबद्दल. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सर्वसाधारणपणे टाळावीत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये असा औषध महानियंत्रकांचा आदेश डिसेंबर २०२३ पासून आहे. तेव्हा मोठ्यांचे सिरप 'वयाच्या मानाने अर्धे' असा हिशेब चालत नाही. वर्षावरच्या मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा चमचा मध चाटवता येतो. वर्षाखालच्या बाळाला मध कधीही देऊ नये. तुमच्या मुलाचा श्वास जोरात चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा तो खातपीत नसेल तर मधावर न थांबता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मध्य प्रदेशात छिंदवाड्यात २०२५ मध्ये मुले दगावली ती डायएथिलीन ग्लायकॉल या विषाची भेसळ झालेल्या सिरपमुळे, मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनने रुग्ण गेले होते. हा धोका लेबल वाचून कळत नाही. म्हणून बिल घ्या आणि त्यावर बॅच नंबर आहे का पाहा, कारण एखादी बॅच परत मागवली गेली तर आपली बाटली त्यातली आहे की नाही हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

आता वडिलांसाठी पुढचे दिवस. विषाणूच्या सर्दीनंतरचा खोकला तीन आठवडेही रेंगाळतो, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली हिवाळ्यातली धूळ व धूर त्याला हातभार लावतात. सिरपमुळे तो लवकर बरा होत नाही, फक्त रात्रीची उबळ थोडी सुसह्य होते, तीही प्रत्येकाला नाही. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, उशी थोडी उंच, डासांची अगरबत्ती बंद, एवढे करून पाहा. मधुमेह असेल तर मध आणि साखरेचे सिरप दोन्हींची साखर धरा. उबळ फारच त्रास देत असेल तर फक्त डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले आणि बाकी काही नसलेले सिरप चालेल का, हे बीपीच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. दहा दिवस झालेच आहेत, त्यामुळे ही भेट या आठवड्यातच उरकावी. दोन आठवड्यांपुढे गेलेल्या खोकल्याची क्षयरोगासाठी थुंकी तपासणे हा आपल्याकडचा नियम आहे. ही तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मोफत होते. कफ पडत नसेल तर छातीचा एक्स-रे सांगतात. थुंकीत रक्त, चालताना धाप, छातीत दुखणे, वजन उतरणे किंवा रात्री अंग भिजवणारा घाम यांपैकी काहीही दिसले तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका.

आणि चुकून जास्त प्रमाण गेले, किंवा मुलाने बाटली तोंडाला लावली, आणि त्यानंतर तोल जाणे, असंबद्ध बोलणे, डोळे भिरभिरणे, उलट्या किंवा न उठणारी गुंगी दिसली, तर ओकारी काढायला लावू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात जाताना बाटली बरोबर घ्या, म्हणजे आत काय होते आणि किती गेले असावे हे डॉक्टरांना लगेच कळेल. मुलाने औषध प्यायले असेल तर लक्षणांची वाटही न पाहता निघा.