वाचकांचे प्रश्न : चूक नेमकी कोठे आहे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून कोथरूडला राहते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सचिवांनी नुकतीच पुढील सूचना टाकली : 'उद्या गुरुवार पाणि येनार नाही टँकर सांगीतला आहे सकाळी मोटार लावू नये'. मी त्यातील तीन अशुद्ध शब्द सर्वांसमोर दुरुस्त करून दाखवले. त्यावर कांही सभासदांनी 'भावना पोहोचल्या ना?' असे सुनावले, कांहींनी हसणारे चेहरे पाठवले आणि सचिवांनी गटावर लिहिणेच बंद केले. भाषेची चाड असणे हा आता गुन्हा झाला आहे काय?

उत्तर : गुन्हा खचितच नाही, आणि आपण केलेल्या तीनही दुरुस्त्या बरोबर आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहायचा असतो, म्हणून 'पाणी'. ऱ्हस्व 'पाणि' म्हणजे संस्कृतातला हात, जो आपल्याला पाणिग्रहणापुरता भेटतो. 'सांगितला' या रूपात 'गि' ऱ्हस्व असतो, आणि 'येणार' मधला ण पुष्कळांच्या बोलण्यात न होत असल्यामुळे लिहितानाही तसाच उतरतो. मात्र हे तीनही शब्द चुकलेले असूनही सूचना वाचणाऱ्या एकाही सभासदाचा त्यांच्यामुळे घोटाळा झाला नसेल. घोटाळा करणारा शब्द 'सकाळी' हा आहे. तो निर्दोष लिहिलेला असल्यामुळे आपल्या नजरेतून सुटला.

टँकर सकाळी येणार आहे, की मोटार सकाळी लावायची नाही? पहिला अर्थ घेणारा रखवालदार दिवसभर मोटारीला हात लावणार नाही आणि टँकरचे पाणी तळहौदात पडून राहून गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत कोरडी होईल. दुसरा अर्थ घेणारे सभासद टँकर केव्हातरी येईल असे समजून कामावर निघून जातील आणि सकाळी टँकर दारात उभा राहिला तर पावतीवर सही करायला कोणी सापडणार नाही. पूर्णविराम 'सकाळी'च्या आधी आहे की नंतर, एवढ्यावर सगळ्या इमारतीचा गुरुवार ठरतो. 'भावना पोहोचल्या' हे उत्तर म्हणूनच फसवे आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा ऱ्हस्व-दीर्घ कसेही असले तरी पोहोचतात. टँकरची वेळ तशी पोहोचत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते पुण्याचेच आहे. पेशवे दप्तरातील मोडी कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल की, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्द सलग लिहिलेले असतात आणि आजच्या अर्थाने विरामचिन्हे नसतात. तरीही त्या लिपीत वसुलीचे हिशेब चालले आणि मोहिमांचे हुकूम सुटले. याचे कारण असे की, मजकुराचा साचा ठरलेला होता : मायना कोठे, तारीख कोठे, आज्ञा कोणत्या शब्दांत, हे लिहिणारा कारकून आणि वाचणारा कामगार दोघेही जाणत होते. विरामचिन्हांची पद्धत मराठीत रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकात पुण्यात काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. आज आपल्या हाती कारकुनाचा तो साचा उरलेला नाही, आणि कँडींची चिन्हे आपण कंटाळा म्हणून गाळतो. त्यातच अनेकजण हल्ली मोबाइलमध्ये बोलून मजकूर उमटवतात. बोलताना घेतलेला श्वास यंत्राला पूर्णविराम म्हणून बहुधा कळत नाही, आणि पाठवण्यापूर्वी मजकूर पुन्हा वाचण्याची सवय तर आधीच सुटलेली असते. माझ्या मते ऑनलाइन लेखनातला मोठा दोष हाच आहे. वेलांटीचा क्रमांक बराच नंतर लागतो.

आता सचिवांविषयी. ते पदरचा वेळ खर्चून पाण्याची व्यवस्था पाहतात, आणि आपण त्यांचा कागद तपासून लाल शाईसकट वर्गात फिरवला. (पुण्यात हा छंद पिढीजात आहे, पाटीवरच्या मजकुरापेक्षा पाटीतली चूक येथे लवकर वाचली जाते.) आपण गटावर एवढेच विचारले असते की, 'टँकर सकाळी किती वाजता येणार आहे, आणि मोटार केव्हापर्यंत बंद ठेवायची?', तर त्यांनी सूचना आपोआप नीट लिहिली असती. ऱ्हस्व-दीर्घाचे सांगायचे तर ते स्वतंत्र संदेशाने सांगावे. पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करण्याची सोय व्हॉट्सॲपवर २०२३ पासून आहे. त्यांना आपण पुढीलप्रमाणे मसुदाही देऊ शकता : 'उद्या, गुरुवारी, महापालिकेचे पाणी येणार नाही. टँकर सकाळी येईल. टँकर रिकामा होईपर्यंत मोटार लावू नये.' तीन वाक्ये, आणि प्रत्येकात एकच गोष्ट. सचिवांना अभिप्रेत अर्थ दुसरा असेल, तर तो याच वेळी बाहेर येईल.

एक गोष्ट नम्रपणे नोंदवतो. आपल्या पत्रात 'कांही' आणि 'कांहींनी' असे शब्द आले आहेत. उच्चारात नसलेले असे अनुस्वार महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी काढून टाकले. आपण ज्या वर्गात अक्षरे गिरवली तेथे 'कांही' हेच शुद्ध होते, आणि आपल्या पत्राचा अर्थ त्यामुळे तसूभरही बिघडलेला नाही. गटावरच्या एखाद्या तरुणाने मात्र हाच शब्द सर्वांसमोर दुरुस्त केला असता, तर ते आपल्याला रुचले असते असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी लातूरचा असून शिक्षणासाठी पुण्यात राहतो. वर्गाच्या गटावर मी 'काय करायलास?', 'मी काल गेल्तो' असे लिहिले की कोणीतरी 'आधी व्याकरण शिक' असे उत्तर टाकतो. मी असे लिहिणे सोडावे काय?

उत्तर : मित्रांशी बोलताना सोडू नये. 'करायलास', म्हणजे 'करतो आहेस', हे रूप लातूरकडे कोणीही त्याच अर्थाने आणि त्याच जागी वापरतो; ज्या रूपाचा वापर इतका नेमका आहे, त्याला व्याकरण नाही असे म्हणणाऱ्यालाच व्याकरण म्हणजे काय ते समजावून द्यावे लागेल. पुण्याकडची बोली प्रमाण ठरली ती काही अंगच्या गोडव्यामुळे नव्हे. एकोणिसाव्या शतकात शालेय पुस्तके, कोश आणि व्याकरणे मुख्यतः पुण्या-मुंबईत तयार झाली, आणि छापखान्यात जी रूपे गेली ती पुढे शाळाशाळांत शिकवली गेली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, अर्जात आणि अनोळखी माणसाला लिहिलेल्या पत्रात ती प्रमाण रूपे वापरावीत, कारण तेथे वाचणारा कोणत्या जिल्ह्यातला असेल हे आपल्याला माहीत नसते. मित्रांच्या गटावर तो अडसर नाही.

आपल्याला व्याकरण शिकवणाऱ्या मित्रांचे संदेश मात्र एकदा लक्षपूर्वक वाचा. 'माझी मदत कर', 'मी तुला बोललो होतो ना' अशी वाक्ये त्यांत बहुधा सापडतील. ही कोणत्याही गावची जुनी बोली नव्हे. मराठीत आपण दुसऱ्याला मदत करतो, आणि निरोप द्यायचा असेल तर तो 'सांगतो'. ही वळणे हिंदीतून आलेली आहेत, आणि शहरी असल्यामुळे ती कोणाला खटकत नाहीत. तीही कदाचित कालांतराने रूढ होतील. तोवर 'करायलास' ला हसण्याचा अधिकार त्यांना नाही.

प्रश्न : संगणकावर मी 'जाणाऱ्या' लिहायला गेले की 'जाणार्या' असे उमटते. वाचणाऱ्याला हा निष्काळजीपणा वाटतो. उपाय काय?

उत्तर : या चुकीत दोष बहुतेक वेळा कळफलकाचा असतो, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही, 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या, 'आचार्यांना' बोलावले तर प्रवचन होईल आणि 'आचाऱ्यांना' बोलावले तर जेवण. नेहमीच्या 'र'चा पाय मोडून त्याला 'य' जोडला की रफार तयार होतो. 'जाणाऱ्या'तला आडवा र हवा असेल तर खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यावा, त्याचा पाय मोडावा आणि मग 'या' जोडावा. भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण इनस्क्रिप्ट कळफलकावर साध्या 'र'चीच कळ शिफ्टसह दाबली की हा 'ऱ' मिळतो. मोबाइलच्या बऱ्याच मराठी कळफलकांवर 'र'वर बोट क्षणभर दाबून ठेवले की तो वर दिसतो.